सेहेचाळीस नंबरचा तंबू

तिसऱ्या दिवशी सकाळीही सेहेचाळीस नंबरचा तंबू फाटलेलाच होता.

मी वाकून आत डोकावलो. महानंदा बाळाला पोटाशी घेऊन बसली होती. बाळाच्या झोळीच्या बरोबर वर, कापडात दीड वीत लांबीची चीर होती. तिच्यातून डिसेंबरातला पांढुरका उजेड आणि गार वारा सरळ आत येत होता. रात्रभर दव ठिबकून झोळीखालची गोधडी भिजली होती.

"काल संध्याकाळी तर मी शिवून गेलो होतो," मी म्हणालो.

"व्हय."

"मग?"

"फाटलं असंल, भाऊ."

"असं नाही फाटत. शिवण उसवली तर दोरा लोंबतो. हे कुणीतरी कापलंय. दोन्ही कापडं कापलीत, वरचं आणि आतलं."

ती बाळाच्या टोपड्याचे बंद सोडून पुन्हा बांधत राहिली. बाळ खोकलं. दोन महिन्यांचं लेकरू, त्याचा खोकला तो केवढा, पण छातीत घरघर ऐकू येत होती.

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो. बार्शीला एका मंडपवाल्याकडे शिवणकाम करायचो. लग्नाचे मांडव, कनाती, उरुसाचे शामियाने हेच माझं काम. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं भुईसपाट झाली. पहिल्या आठवड्यात ट्रक भरभरून तंबू आले. ते घाईत शिवलेले, घाईत ठोकलेले. पावसाळा सरताना कसेबसे टिकले, पण थंडी पडल्यावर त्यांचे हाल सुरू झाले. पत्र्याची शेडं बऱ्याच गावांना मिळाली होती, या वस्तीचा नंबर अजून लागायचा होता. म्हणून आमच्या मालकांनी एक शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि मला तिथं पाठवलं. "थंडी संपेपर्यंत परत येऊ नकोस, दस्तगीर," एवढंच ते म्हणाले.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

त्रेसष्ट तंबू होते, उघड्या काळ्या रानात, ओळीनं. थंडीत कापडी तंबूला फार जपावं लागतं हे लोकांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिथंच कळलं. संध्याकाळी दोर सैल करून ठेवावे लागतात. रात्री दवानं दोर भिजले की आखडतात आणि कापडाला ओढ बसून शिवणी फाटतात. भिजलेल्या कापडाला आतून बोट लावलं की त्या जागेतून पाणी झिरपायला लागतं. बायका आत चूल पेटवायच्या, ठिणग्यांनी कापडाला वाटाण्याएवढी भोकं पडायची. मी दिवसभर दाभण आणि मेण लावलेली सुतळी घेऊन फिरायचो. मोठी ठिगळं लिंबाखाली मांडलेल्या मशीनवर शिवायचो. आणि जे तंबू फारच विरले होते त्यांच्यावर बार्शीहून आलेलं नवं दुसरं कापड चढवायचो. दोन कापडांमध्ये वीतभर हवा राहिली की आत ऊब धरते.

हे दुसरं कापड सगळ्यात आधी कुणाला द्यायचं, ते बिराजदार गुरुजींनी ठरवलं. ते शाळेचे मास्तर. शाळा पडली, तेव्हापासून वस्तीची सगळी व्यवस्था तेच बघत. "तान्ही लेकरं आहेत तिथं आधी," ते म्हणाले. म्हणून पहिलं नवं कापड सेहेचाळीस नंबरवर चढलं. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते कापलेलं सापडलं.

त्या तंबूत तिघं होती. महानंदा, तिची मुलगी आणि सासरे सिद्रामअण्णा. अण्णा गवंडी होते. साठीचे, उंच, हाडं मोठी, हाताची बोटं खडबडीत. वस्तीतल्या निम्म्या माणसांची जुनी घरं त्यांनीच बांधलेली. भूकंपात त्यांची बायको गेली आणि एकुलता मुलगा गेला. महानंदा बाळंतपणासाठी औशाकडे माहेरी होती, म्हणून वाचली. मुलगी पंधरवड्यानं जन्मली. सव्वा महिना झाल्यावर माहेरची नको नको म्हणत असताना ती लेकराला घेऊन सासऱ्याजवळ तंबूत राहायला आली. "मामा एकटे हायत," एवढंच तिनं सांगितलं म्हणे.

मला अण्णा आवडायचे. न बोलावता मदतीला यायचे. मेख ठोकायची जागा नुसत्या नजरेनं सांगायचे, आणि ती बरोबर निघायची. पण तंबूच्या आत मात्र कधी जायचे नाहीत. आपलं घोंगडं घेऊन दारापाशी उघड्यावर निजायचे. पहिल्यांदा मी ते दुसरं कापड त्यांच्या तंबूवर चढवत होतो, तेव्हा ते खाली दोर धरून उभे होते.

"टेलर, वजन किती रं ह्याचं?"

"अकरा-बारा किलो असेल."

"आणि आधीच्याचं?"

"तेवढंच."

"म्हंजी दुप्पट झालं," ते म्हणाले. मी वर बांबूवर पोट टेकून गाठ मारत होतो, मी लक्ष दिलं नाही.

त्या तिसऱ्या सकाळी मात्र मी चीर नीट निरखली. सरळ रेघ होती, जणू ओळंबा लावून कापलेली. शेजारच्या तंबूतली कमळाबाई तोंडाला पदर लावून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याकडं सुरी आसती. म्यां बगितलंय. आता पोरगी झाली, वंश बुडाला. सून माहेरी जावी आसं आसंल त्याच्या मनात. कुणी बोलंना, एवढंच."

मला ते पटलं. आज लाज वाटते, पण पटलं. दोनदा मी खपून शिवलेलं काम कुणीतरी कापत होतं, आणि मला त्याचं कारण पाहिजे होतं. मिळालं ते मी घेतलं.

नऊच्या सुमारास बाळाचा श्वास लागला. ओठ निळसर दिसू लागले. गुरुजींनी कुठल्यातरी संस्थेची जीप मिळवली आणि महानंदाला लेकरासकट तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. दुपारी जीपचा ड्रायव्हर परत आला, त्यानं निरोप आणला: छातीत कफ भरलाय, ठेवून घेतलंय, गारठा लागला म्हणतात.

सिद्रामअण्णा लिंबाखाली माझ्या मशीनपासून दहा पावलांवर बसले होते. निरोप ऐकून ते उठले नाहीत. तेवढ्यानं माझा तोल गेला.

"अण्णा, ऐकलं का? गारठा लागला म्हणतात. कुठून आला गारठा?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हीच कापता ना?"

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. अण्णा शांतपणे म्हणाले, "व्हय. म्याच."

"का?"

त्यांनी नजर जीपच्या रस्त्याकडे वळवली.

"नात नको असेल तर सरळ सांगा की! सगळ्या गावाला सांगा. पण असं दवात घालून मारू नका तिला."

गुरुजी "दस्तगीर!" असं ओरडले. पण ते बोलणं माझ्या तोंडातून गेलं होतं. अण्णा उठले. कमरेची सुरी काढून त्यांनी माझ्या मशीनच्या पाटीवर ठेवली.

"ही घे तुज्याकडं," ते म्हणाले. "पर मला दुसरी मिळंल."

आणि आपल्या रिकाम्या तंबूसमोर जाऊन पाठ करून बसले.

दोन दिवस मी सेहेचाळीस नंबर तसाच चिरलेला राहू दिला. येता-जाता अण्णा दिसायचे, जीपच्या रस्त्याकडे डोळे लावून. गुरुजी त्यांना भाकरी नेऊन द्यायचे, ती तशीच झाकलेली असायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी महानंदा परत आली. बाळ बरं होतं, दूध ओढत होतं. वस्तीवर आनंद झाला. कमळाबाईसुद्धा डोळे पुसत होती. अण्णांनी नातीच्या तळपायाला एक बोट लावलं आणि बाजूला झाले.

तासाभरानं महानंदा माझ्याकडे आली. बाळ कमळाबाईपाशी ठेवलं होतं. मशीनसमोरच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "मामांना बोललात म्हणं."

मी पाय पॅडलवरून काढला. "बोललो. रागात बोललो. पण ताई, तू तरी सांग, का करतात ते असं? आणि तू गप्प का बसतेस? तू तर झोपेत नसशील."

"जागीच आसते. कापड कापल्याला आवाज येतो की."

"मग थांबवत का नाहीस?"

"त्याच्या मागनं त्यांना झोप लागती, भाऊ. तोवर नुस्तं हिकडं तिकडं फिरत आसतात. एकदा कापलं की दाराशी येऊन निजतात. घोरायला लागतात. मग मी लेकराला छातीशी घेती आणि बसून ऱ्हाती. म्हणलं, चार दिस त्यांची झोप तर होऊ दे. एवढं अंगाशी येईल आसं नव्हतं वाटलं."

मला काही समजेना. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सांगायला लागली. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या शिवलेल्या कापडाकडे पाहत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई व्हय? त्या दिवशी मामा उमरग्याला कामावर हुते. सकाळी धावत आले. घर बसल्यालं. आत्याबाई जागच्या जागी गेल्या. पर हे जित्ते हुते. आतनं बोलत हुते. दगडाच्या मधी एक फट हुती, बारकी. तेच्यातनं ह्यांची बोटं मामांच्या बोटांना लागायची. हात मातर जाईना. पुरा हात गेला आसता तर धरलं तरी आसतं."

तिनं बोटाचा पदर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"दगड काढावा तर वरचं ढासळणार. कुठला दगड काढला की काय खाली येतंय ते मामांना ठाऊक. भिंत त्यांनीच बांधल्याली. तरी एकेक काढत हुते. दुपारपत्तूर हे बोलत हुते म्हणं. पाणी मागत हुते. मामांनी फडकं भिजवून फटीतनं आत घातलं. मग बोलायचं थांबले."

लिंबावरून पोपटांचा थवा कलकलाट करत उडाला. तो शांत झाल्यावर ती पुढं म्हणाली, "आणि त्याच्या आदल्या वर्षी आमच्या घरावरचं मातीचं माळवद गळत हुतं. ह्यांनीच म्हणलं, बाबा, वर अजून एक थर टाका मातीचा. मामांनी टाकला. हातभर जाड. गळायचं बंद झालं. तुम्ही ज्या दिवशी वरनं दुसरं कापड घातलं ना, त्या दिवसापासनं हे सुरू झालं."

"म्हणजे ती चीर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"हात जाईल एवढी," ती म्हणाली. "आणि लेकरू निगंल एवढी."

ती गेली. मशीनच्या पाटीवर ती सुरी अजून पडलेली होती. मी त्या माणसाला सगळ्या गावासमोर काय बोललो होतो ते एकेक शब्द आठवत होतं. जाऊन पाय धरावेत असं वाटलं. पण त्यानं तंबू शिवला जाणार नव्हता, आणि संध्याकाळी पुन्हा दव पडणार होतं. त्या रात्री महानंदा आणि बाळ गुरुजींच्या तंबूत, गुरुजींच्या बायकोपाशी निजली.

सकाळी उन्हं वर आल्यावर मी सेहेचाळीस नंबरपाशी गेलो. वरचा आडवा बांबू काढला आणि त्याच्या जागी जाड दोर ताणला. चिरलेली दोन्ही कापडं उतरवून नवी चढवली, पूर्वीसारखीच एकावर एक. अण्णा घोंगड्यावर बसून बघत होते. महानंदा लेकराला घेऊन गुरुजींजवळ उन्हात उभी होती.

"अण्णा, आत येता का माझ्याबरोबर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"बरं. मग इथंच बघा." मी आत गेलो, मधोमध बसलो आणि गुरुजींना हाक मारली. "गुरुजी, दोन्ही खांब काढा."

त्यांना मी आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी आणि दोघा माणसांनी खांब ओढले. तंबू माझ्या अंगावर आला. अंधार झाला, कोऱ्या कापडाचा वास नाकात भरला, डोक्यावर आणि खांद्यांवर थोडं वजन पडलं, एवढंच. मी सावकाश उठून उभा राहणार होतो. अण्णांना म्हणणार होतो, बघा, यानं माणूस मरत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. अण्णा बाहेरून तंबू पडताना बघणार होते. एक माणूस आत असताना.

मला आधी त्यांचा आवाज ऐकू आला. ओरडणं नव्हतं ते, घशातून नुसता श्वास फुटावा तसं काहीतरी होतं. मग कापडावर धपाधप हात पडायला लागले. ते माझ्याभोवती हातांनी उकरत होते. कापड ओढत होते, बोटं रुतवत होते. कुणीतरी "अण्णा, अण्णा" म्हणत होतं. त्यांना कापडावरून माझा हात सापडला. त्यांनी तो मनगटाशी असा धरला की पुढे चार दिवस तिथं काळंनिळं होतं.

मी घाबरून उभा राहिलो. त्यांच्या ओढाताणीनं मेखांतून सुटलेलं कापड डोक्यावरून सरकत खाली गेलं. आम्ही दोघं समोरासमोर होतो, माझं मनगट त्यांच्या मुठीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. अशी मारली की कानात शीळ वाजली.

"माझं चुकलं, अण्णा," मी म्हणालो. "त्या दिवशीचंही चुकलं."

त्यांनी हात सोडला नाही. ते पायाखालच्या कापडाकडे बघत होते. मग वाकले, कापडाची कड दोन बोटांत धरली आणि उचलली. सोडली. पुन्हा उचलली.

"हे एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"दोन्ही मिळून?"

"दोन्ही मिळून."

ते कापडाखाली शिरले. मला वाटलं काही शोधताहेत. पण ते आत जाऊन उताणे आडवे झाले, आणि सगळं कापड त्यांच्या अंगावर निपचित पडलं. उंच माणसाचा आकार वरून दिसत होता. महानंदा पुढे व्हायला लागली, तिला गुरुजींनी खुणेनं थांबवलं. कापडाखालून मुसमुसणं ऐकू आलं, मग मोठ्यानं रडणं. तीन महिने त्या माणसाला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, हे मला नंतर गुरुजींनी सांगितलं. मी खाली बसलो आणि जिथं त्यांचा खांदा वाटत होता तिथं हात ठेवला.

मग कापडाच्या मधोमध एक उंचवटा आला. त्यांनी आतून एक हात सरळ वर केला होता. सगळा तंबू त्या एका हातावर उभा होता.

बाहेर आले तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि डोळे लाल. "टेलर," ते म्हणाले, "उभा कर. आणि पुन्हा पाड."

आम्ही त्या सकाळी तो तंबू पाच वेळा उभा केला आणि पाच वेळा पाडला. दुसऱ्या वेळी अण्णा आत बसले. तिसऱ्या वेळी झोळीत लेकराच्या जागी उशी ठेवून बसले आणि उशी घेऊन बाहेर कसं निघायचं ते करून पाहिलं. कड खाली मेखांना घट्ट असल्यानं त्यांना वेळ लागला. ते त्यांना पसंत पडलं नाही. मग मी झोळीच्या बाजूची भिंत तळापासून मोकळी केली, तिला कड्या शिवल्या आणि आतून एकाच दोरानं बांधली, सुरगाठ मारून. दोराचं टोक ओढलं की सगळी बाजू एका झटक्यात उघडायची. चौथ्या वेळी तंबू पडला आणि अण्णा उशी घेऊन, मी दहा मोजेपर्यंत, बाहेर उभे होते.

"आता हिला करू दे," ते सुनेकडे बोट करून म्हणाले. महानंदानं पदर खोचला. तिनं आठातच केलं, आणि बाहेर येताना ती हसत होती. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

त्यानंतर वस्तीतल्या प्रत्येक तंबूला मी तशी एक बाजू करून दिली. कुणी मागितली नव्हती. पण दाखवल्यावर कुणी नको म्हणालं नाही. वाटेल तेव्हा ती ओढून बघणारी कितीतरी माणसं होती. मी पुन्हा बांधून द्यायचो.

फेब्रुवारीत शेडं आली, मी बार्शीला परतलो. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं, हजारो तंबू शिवले. पण मला त्या हिवाळ्यातली जी सकाळ आठवते ती तंबू पाडल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी नेहमीप्रमाणे उजाडताच मेखा पक्क्या करायला हातोडा घेऊन निघालो. जमीन दवानं मऊ झालेली असायची, मेखा ढिल्या व्हायच्या. सेहेचाळीस नंबरवर कापड अखंड होतं. वरून दवाचे थेंब ओघळत होते, आतून कोरडं. दारापाशी घोंगडं नव्हतं. महानंदा कोवळ्या उन्हात बाळाच्या अंगाला तेल लावत बसली होती. मी हातोडा उचलला तशी तिनं तेलाचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, भाऊ," ती म्हणाली. "मामा आत निजलेत."

मी हातोडा खाली ठेवला. शेजारच्या तंबूतून कमळाबाई बाहेर आली, तिला मी खुणेनं सांगितलं. तिनं पुढच्याला सांगितलं. दुपारचे बारा वाजेपर्यंत अण्णा उठले नाहीत, आणि तोवर त्या ओळीत कुणी सरपण फोडलं नाही की मेख ठोकली नाही.